लब-डब झूमवर का ऐकू आलं नाही?

बेळगावच्या टिळकवाडीत आमच्या ओळखीच्या एक बाई आहेत, मेडिसिन शिकवतात. २०२० च्या मार्चअखेरीस लॉकडाऊन लागलं, वॉर्डात मुलं येईनात, म्हणून त्यांनी हृदयाच्या ठोक्यांचं रेकॉर्डिंग झूमवर लावलं. पलीकडून एकच उत्तर, "मॅडम, काहीच ऐकू येत नाही." आपल्यालाच यंत्र जमत नाही, असं त्या कित्येक दिवस समजत होत्या.

दोष बाईंचा नव्हता. हृदयाचा 'लब-डब' हा फार खालच्या पट्टीतला आवाज. त्यातली बरीचशी ऊर्जा १५० हर्ट्झच्या आतच असते. मोबाईलच्या इवल्याशा स्पीकरला एवढा खोल आवाज नीट काढताच येत नाही. त्यात कॉलिंगची अ‍ॅप्स माणसाचं बोलणं राखतात आणि बाकीचे आवाज गोंगाट समजून दाबतात. संधिवाताच्या तापाने अरुंद झालेल्या हृदयाच्या झडपेतून येणारी मंद घरघर ऐकायला तर स्टेथोस्कोपची 'बेल', म्हणजे वाटीसारखी बाजू, छातीवर अलगद टेकवावी लागते. अशी घरघर अ‍ॅपच्या हिशेबी गोंगाटच!

त्याच दिवसांत पॅथॉलॉजी (पेशी तपासून रोग ओळखणं) शिकवणारे त्यांचे एक सहकारी मात्र खुशीत होते. एरवी एका मायक्रोस्कोपवर मुलं आळीपाळीने डोळा लावायची आणि सर दाखवतात ती पेशी सोडून भलतीच पाहून पुढे सरकायची. आता सगळ्यांसमोर एकच स्लाइड, तिच्यावर सरांचा बाण. जांबोटी-कणकुंबीकडच्या पावसात रेंज टिकली, तर घरी बसलेल्या पोरालाही तेच दिसणार. अ‍ॅनाटॉमीवाल्यांची तऱ्हा तिसरीच. मज्जातंतू आणि शीर यांतला फरक चित्रात पिवळ्या-निळ्या रंगाने कळतो. डिसेक्शन हॉलमध्ये, प्रत्यक्ष मृतदेहात मात्र दोन्ही सारख्याच मळकट दिसतात, तिथे बोटांनीच ओळखायचं असतं.

म्हणजे विषयागणिक मत वेगळं. शिक्षकांचा ऑनलाइनविषयीचा हा कल मोजायला बहुतेक वेळा मानसशास्त्रज्ञ रेन्सिस लिकर्टची १९३२ ची पद्धत वापरतात: 'पूर्ण सहमत'पासून 'पूर्ण असहमत'पर्यंत खुणा करायच्या. माहिती-तंत्रज्ञानाचा अभ्यासक फ्रेड डेव्हिसने १९८९ मध्ये मांडलं, की नवं तंत्र माणूस दोन गोष्टी बघून स्वीकारतो: उपयोग किती आणि वापरायला सोपं किती. आपण 'सोपं किती' यावरच अडतो, आणि वयस्कर प्राध्यापक म्हणजे संगणकाला घाबरणारे, असा शिक्का मारून मोकळे होतो. मला विचाराल तर खरी मेख पहिल्या प्रश्नात आहे. आपला विषय डोळ्याचा, कानाचा की बोटाचा, त्यावर उपयोग ठरतो. शिवाय असली प्रश्नावली ऑनलाइन फॉर्मवरच धाडली, तर ज्यांचं ऑनलाइनशी जुळतं तेच ती हौसेने भरणार. मग सरासरी गोडच येणार!

योगायोग असा, की एमबीबीएसचा नवा, कौशल्यावर भर देणारा अभ्यासक्रम २०१९ च्या बॅचपासूनच लागू झाला होता. त्याच्या पायऱ्या वैद्यकीय शिक्षणाचा अभ्यासक जॉर्ज मिलरने १९९० मध्ये काढलेल्या पिरॅमिडशी जुळतात: माहीत असणं, कसं करायचं ते माहीत असणं, करून दाखवणं आणि प्रत्यक्ष करणं. पहिल्या दोन पायऱ्या झूमवर चढता येतात. तिसरीपासून पेशंट लागतो.

आणि बेळगावात पेशंट म्हणजे दोन भाषा. खानापूर-चंदगडकडचा मराठीत सांगणार, बैलहोंगल-गोकाककडचा कानडीत. परराज्यातल्या मुलांना बाईंनी एकच प्रश्न दोन्ही भाषांत ऑनलाइन घोकवून घेतला, "कुठं दुखतंय?" आणि "एल्ली नोवु ऐती?" उच्चारही बरे जमले. पुढे वॉर्ड सुरू झाल्यावर एका मुलाने खानापूरकडच्या एका आजींना मराठीतला प्रश्न अगदी शुद्ध विचारला. आजी काही बोलल्याच नाहीत. त्याचा हात धरला आणि आपल्या उजव्या बरगडीखाली नेऊन ठेवला.