पेशीच्या पायाखालची जमीन

गेल्या शतकात पेशी वाढवायच्या त्या काचेच्या नाहीतर प्लास्टिकच्या बशीत. बशीतल्या पोषकद्रवाचा हिशेब काटेकोर, पण तळाकडे सहसा कुणाचं लक्ष नसे. मेंदूच्या मऊपणाशी तुलना केली तर तो तळ लाखो पटींनी कडक! त्यावर फताडी पसरलेली पेशी आणि तिच्यात ताणलेले ॲक्टिन या प्रथिनाचे जाड दोर, हेच रूप डोळ्यांच्या सवयीचं झालं होतं.

पेशी तळाला ओढते, हे उघड्या डोळ्यांनी पटावं असं दाखवलं अल्बर्ट हॅरिस आणि सहकाऱ्यांनी, 1980 मध्ये. सिलिकोनच्या द्रवावरून क्षणभर ज्योत फिरवली की वर रबराची पातळ साय धरते. पेशी तिच्यावर सोडल्या, तर सायीवर सुरकुत्या उमटल्या. ओढणारा हात म्हणजे ॲक्टिन आणि त्याला खेचणारं प्रथिन मायोसिन यांचे दोर, आणि त्या हाताची पकड म्हणजे पेशीच्या आवरणातलं इंटेग्रिन हे प्रथिन. हे नाव 1986 मधलं.

पण तळ मऊ असला तर या दोरांचं काय होतं? रॉबर्ट पेल्हॅम आणि यू-ली वांग यांनी 1997 मध्ये त्यासाठी पॉलिॲक्रिलामाइडची जेल घेतली. प्रथिनं वेगळी करायला जीवरसायनशास्त्रज्ञ रोज ओततात तीच. वरचा कोलॅजेन या प्रथिनाचा लेप सगळीकडे सारखा, फरक फक्त खालच्या मऊपणात. रसायन जागच्या जागी ठेवून यांत्रिकी तेवढी बदलली, ही या प्रयोगाची खरी हुशारी. मऊ जेलवर पेशी कमी पसरल्या, जास्त हलल्या आणि त्यांची पकड अस्थिर राहिली.

2006 मध्ये ॲडम एंगलर, डेनिस डिशर आणि सहकाऱ्यांनी अस्थिमज्जेतल्या मूलपेशी, म्हणजे पुढे वेगवेगळ्या प्रकारच्या पेशी होऊ शकणाऱ्या पेशी, अशाच जेलवर ठेवल्या. सुमारे 1 किलोपॅस्कलपर्यंतच्या (हे कडकपणा मोजायचं एकक) मऊ जेलवर त्या चेतापेशींच्या वळणाच्या झाल्या, 8 ते 17 वर स्नायूंच्या, 25 ते 40 वर हाडांच्या. मायोसिनला औषधाने थोपवलं, तर हा फरक उमटेना. म्हणजे ओढून पाहिल्याशिवाय पेशीला जमीन कळत नाही.

हा ताण केंद्रकापर्यंतही जातो. 2013 मध्ये डिशर यांच्याच गटाने दाखवलं, की ऊती जितकी कडक तितकं केंद्रकाच्या अस्तरात लॅमिन-ए हे प्रथिन जास्त. मऊ जागी त्याला फॉस्फेटचे गट अधिक चिकटतात, ते अस्तरातून सुटतं आणि त्याची मोडतोड वाढते. ताणाखाली ते टिकून राहतं.