डिस्क गोल्फ : दाट झाडीतील मैदान

हातातली प्लॅस्टिकची चकती फेकत फेकत साखळ्या लावलेल्या लोखंडी बास्केटपर्यंत न्यायची आणि कमीत कमी फेकींत ती आत टाकायची, असा हा खेळ. उघड्या कुरणावरच्या मैदानात वारा आणि अंतर खेळाडूची परीक्षा घेतात. दाट झाडीतील मैदानात ते काम चकती हातातून सुटण्याची दिशा करते. येथील फेअरवे म्हणजे झाडांमधून काढलेली वाट असते. ती बऱ्याचदा ८–१० मीटरच रुंद असते आणि टीसमोर, म्हणजे पहिली फेक करण्याच्या जागेसमोर, तर याहूनही चिंचोळी. ७० ते १०० मीटरचा, कागदावर सोपा दिसणारा पार तीनचा (तीन फेकींत संपणे अपेक्षित असलेला) होल अशा झाडीत पाच-सहा फेकी सहज घेतो.

या खेळाचे पहिले कायमस्वरूपी मैदान १९७५ मध्ये कॅलिफोर्नियातील ओक ग्रोव्ह उद्यानात एड हेड्रिक यांनी आखले. साखळ्यांच्या बास्केटचे पेटंटही त्यांचेच, १९७७ चे. पुढे अमेरिकेच्या पूर्व आणि मध्य-पश्चिम भागात सार्वजनिक उद्यानांच्या वापरात नसलेल्या रानपट्ट्या या खेळाला मिळाल्या आणि तिथे झाडीतल्या खेळाची स्वतंत्र शैली घडली. केंटकीतील आयडलवाइल्ड, इलिनॉयमधील नॉर्थवुड ब्लॅक, डेलावेअरमधील आयर्न हिल ही तिथली नावाजलेली मैदाने. जॉर्जियातील ॲपलिंग येथील डब्ल्यू. आर. जॅक्सन मैदान उंच पाइन वृक्षांमधून जाते. व्हरमाँटमधील स्मगलर्स नॉच येथे झाडीतले ब्रूस्टर रिज आणि बरेच मोकळे फॉक्स रन मेडोज शेजारी-शेजारी आहेत. २०१८ आणि २०२३ च्या जागतिक व्यावसायिक अजिंक्यपद स्पर्धा तिथेच झाल्या. फिनलंड आणि एस्टोनियातही पाइन, स्प्रूस व बर्च यांच्या रानात असंख्य मैदाने आहेत.

फट वाचणे

टीवर उभे राहिल्यावर नजर आधी बास्केटकडे जाते, आणि बहुतेक फेकी तिथेच बिघडतात. आधी पाहायची ती पहिली फट. ती किती मीटर रुंद आहे यापेक्षा किती अंशांची आहे हे महत्त्वाचे. समजा दोन खोडांमध्ये ३ मीटर जागा आहे. चकतीचा स्वतःचा व्यास सुमारे २१ सेंटिमीटर, तो वजा केला तर फट १० मीटरवर असताना मधल्या रेषेच्या दोन्ही बाजूंना साधारण ८ अंशांची चूक खपते. तीच फट २० मीटरवर असेल तर ४ अंश आणि ४० मीटरवर फक्त २. म्हणून पायाशी असलेली अरुंद फट घाबरवते खरी, पण ती सोपी असते. दूरची ऐसपैस वाटणारी फट मात्र फसवते. चकती वळत जाणार असेल तर दुसऱ्या फटीपाशी ती कोणत्या कोनात असेल हेही आधी ठरवावे लागते.

मग त्या फटीत १५–२५ मीटरवर एक खूण निवडावी: एखादे पान, सालीवरचा डाग, फांदीचे टोक. नेम त्या खुणेवर धरायचा. उंचीही त्याच वेळी ठरवावी. फांद्यांचे छत ४–५ मीटरवर असेल तर चकती पूर्ण वाटभर छातीच्या उंचीवर जायला हवी, आणि त्यासाठी तिचे नाक, म्हणजे पुढची कड, जराही वर उचललेले चालत नाही. नाक वर असले की चकती चढते, वेग गमावते आणि पानांत शिरते. छताला लागलेल्या फेकींमागे जोर जास्त झाल्यापेक्षा हेच कारण अधिक वेळा असते.

कोणती चकती

चकतीवर चार आकडे छापलेले असतात: वेग, तरंग, सुरुवातीचे वळण आणि शेवटचे वळण. झाडीत पहिला आकडा मोठा असलेल्या ड्रायव्हरचा, म्हणजे लांब फेकीच्या चकतीचा, मोह आवरावा. रुंद कडेची वेगवान चकती तिच्या लायकीचा वेग मिळाला तरच सरळ जाते. तो कमी पडला की उजव्या हाताच्या बॅकहँडवर (हात छातीसमोरून आडवा नेऊन केलेली फेक) ती लवकर डावीकडे कलते. ८० मीटरसाठी मिडरेंज, म्हणजे मध्यम वेगाची चकती, पुरते. डिस्क्राफ्टची बझ (५, ४, −१, १) या कामासाठी वर्षानुवर्षे वापरली जाते. ६० मीटरच्या आत पटर, म्हणजे जवळच्या फेकींची संथ चकती, हीच सर्वांत प्रामाणिक होय. इनोव्हाची एव्हिअर (२, ३, ०, १) हे त्याचे चांगले उदाहरण. लांब सरळ बोगद्यासाठी लेपर्डसारखी (६, ५, −२, १) हलक्या वळणाची चकती डावी कड १०–१५ अंश खाली ठेवून सोडावी. ती वाटेत स्वतःच सपाट होते आणि बराच वेळ सरळ राहते. या फेकीला खेळाडू हायझर फ्लिप म्हणतात, आणि झाडीसाठी शिकायची एकच फेक निवडायची झाली तर हीच निवडावी.

यामागे फिरकीचे गणित आहे. उजव्या हाताच्या बॅकहँडमध्ये चकती वरून पाहता घड्याळाच्या दिशेने फिरते. वेग जास्त असताना हवा तिचे नाक खाली दाबते आणि फिरकीमुळे हा दाब उजवीकडच्या कलात बदलतो. वेग ओसरला की दाब उलटतो आणि ती डावीकडे जाते. फोरहँडमध्ये (हात अंगाच्या बाजूने पुढे आणून केलेली फेक) सगळे याच्या उलट. त्यामुळे ज्याला दोन्ही फेकी येतात त्याला डावीकडे वळणारी वाट आणि उजवीकडे वळणारी वाट सारखीच.

फेक आणि तिच्यातल्या चुका

पूर्ण ताकदीच्या ७०–८० टक्क्यांत फेकावे. धाव दोन-तीन पावलांची, किंवा ती नकोच. जागेवर उभे राहून फेकले तर अंतर थोडे घटते, पण सुटण्याची वेळ पुष्कळच नेमकी होते. चकती लवकर सुटली तर डावीकडच्या झाडावर आणि पकड घट्ट राहून उशिरा सुटली तर उजवीकडच्या झाडावर जाते. हे उजव्या हाताच्या बॅकहँडचे. आपण नेहमी एकाच बाजूचे झाड मारत असू तर नेम नव्हे, पकड तपासावी.

याहून नुकसानकारक सवय म्हणजे चकतीला हाताने वाट दाखवणे. फट अरुंद दिसली की हात शेवटच्या क्षणी आपोआप मंदावतो. फिरकी मिळत नाही, चकती थरथरते आणि वीस-तीस मीटरवर कोसळते. जोर कमी करायचा असेल तर हात मागे कमी न्यावा. शेवटचा झटका मात्र पूर्ण द्यावा.

झाडाला लागल्यावर

कसलेल्या खेळाडूंचीही चकती झाडाला लागते. गुण बहुतेक वेळा त्यानंतरच्या फेकीवर जातात. समोर तीन फटी आहेत आणि प्रत्येकीतून दहापैकी सहा वेळा चकती पार होते असे धरले, तर तिन्हींतून पार होण्याची शक्यता पाचात एकाच्या आसपास उरते. बाजूला पाच-सात मीटरवर फेअरवे दिसत असेल तर मुकाट्याने तिकडे फेकावे. एक फेक जाते, तीन वाचतात. खाली वाकून, गुडघा टेकून, पाय फाकवून पटरची छोटी फोरहँड फेक घरी सरावात घोटलेली असावी, कारण झुडपात पूर्ण हात फिरवायला जागा नसते.

उभे राहण्याचे नियमही इथे रोज लागतात. फेकताना जमिनीवरील खूण-चकतीच्या (आधीची फेक जिथे थांबली ती जागा दाखवणाऱ्या चकतीच्या) मागच्या २० सेंटिमीटर रुंद व ३० सेंटिमीटर लांब पट्टीत शरीराचा एक तरी आधार असायला हवा. झाडझुडूप कमीत कमी हलेल अशीच उभे राहण्याची पद्धत निवडावी लागते आणि उभे राहिल्यावर फांदी बाजूला धरता येत नाही. फेकताना हाताला लागून फांदी हलली तर ते चालते. जागा अगदीच अशक्य असेल तर एक दंडफेक (मोजणीत वाढवलेली एक फेक) घेऊन बास्केटपासूनच्या रेषेत हवे तितके मागे जाता येते. चकती झाडावर अडकली तर खेळ बरोबर तिच्याखालून सुरू होतो. दोन मीटरपेक्षा उंच अडकल्याचा दंड आयोजकांनी आधी जाहीर केला असेल तरच लागतो. बास्केटपासून १० मीटरच्या आत फेकल्यावर तोल सावरल्याशिवाय पुढे पाऊल टाकता येत नाही. झाडाआडून एक पाय बाहेर ताणून बास्केटमध्ये चकती टाकताना हाच नियम बऱ्याचदा मोडतो.

हरवलेली चकती शोधायला नियमाने ३ मिनिटे मिळतात. त्यानंतर एक दंडफेक आणि मागच्याच जागेवरून पुन्हा फेक. यावर उपाय रंगाचा आहे. उन्हाळ्यात हिरवी चकती आणि पानगळीत लाल, नारिंगी किंवा तपकिरी चकती वापरू नये. गडद गुलाबी किंवा फिकी निळी बाराही महिने दिसते. पानगळीत सपाट उतरलेली चकती घसरत पानांच्या थराखाली जाते, म्हणून आंधळ्या वळणावर एकाने पुढे जाऊन उभे राहावे. चकतीच्या आतल्या बाजूला फोन नंबर लिहिलेला असावा. अमेरिकेच्या ईशान्येकडील न्यू इंग्लंडच्या रानात गोचिडींमुळे लाइम रोग होतो आणि पॉयझन आयव्ही या वनस्पतीने अंगावर फोड येतात. शोधायला शिरताना लांब पँट घालावी आणि घरी गेल्यावर अंग तपासावे.

झाडांचेही नुकसान होते आणि मैदान चालवणाऱ्यांनी ते मनावर घ्यायला हवे. टीपासून पहिल्या वीस मीटरमधली खोडे वर्षभर पूर्ण वेगाच्या चकत्या झेलतात. बीचसारख्या पातळ सालीच्या झाडांना जखमा होऊन कीड व बुरशी शिरते. अशा खोडांना आच्छादन बांधणे, टी थोडी सरकवणे आणि मुळांवरची माती तुडवली जाऊ नये म्हणून वाटेवर लाकडाचा भुसा पसरणे हे नेहमीचे उपाय आहेत. टीजवळचे एकच झाड वारंवार मार खात असेल तर बहुधा होलच्या आखणीत दोष असतो: तिथे चांगल्या फेकीलाही जायला नीट वाट ठेवलेली नसते.