डिस्नेचे वर्धापनदिन : तारखा ठरल्या कशा?

१६ ऑक्टोबर २०२३ रोजी वॉल्ट डिस्ने कंपनीने शंभर वर्षे पूर्ण केली. शंभर वर्षांपूर्वीच्या त्या दिवशी कोणताही चित्रपट झळकला नव्हता, स्टुडिओची फीत कापली गेली नव्हती किंवा पुढे जगभर ओळखले गेलेले एखादे पात्रही जन्माला आले नव्हते. त्या दिवशी झाली ती फक्त एका करारावर सही. न्यूयॉर्कमधील चित्रपट वितरक मार्गारेट विंकलर यांनी 'अॅलिस' नावाच्या लघुपटमालेची मागणी नोंदवली आणि पहिल्या सहा लघुपटांना प्रत्येकी १,५०० डॉलर व नंतरच्या सहांना प्रत्येकी १,८०० डॉलर द्यायचे कबूल केले. कंपनी आपले वय या कागदापासून मोजते. वर्धापनदिन ही आपोआप मिळणारी गोष्ट नसून ती मागाहून ठरवावी लागते, हे डिस्नेच्या बाबतीत सतत दिसत राहते आणि त्याची सुरुवात याच तारखेपासून होते.

वॉल्ट डिस्ने यांचा हा पहिला व्यवसाय नव्हता. १९२२ साली त्यांनी कॅन्सस सिटीमध्ये 'लाफ-ओ-ग्राम फिल्म्स' ही कंपनी काढली होती आणि पुढच्याच वर्षी तिचे दिवाळे निघाले. त्या पडझडीत एक लघुपट मात्र हाती राहिला. त्यात व्हर्जिनिया डेव्हिस नावाची खरीखुरी लहान मुलगी व्यंगचित्रांच्या दुनियेत वावरताना दाखवली होती. तो नमुना घेऊन वॉल्ट कॅलिफोर्नियाला आले, क्षयरोगातून सावरत असलेल्या थोरल्या भावाला, रॉय यांना, त्यांनी सोबत घेतले आणि विंकलर यांच्याकडून होकार येताच 'डिस्ने ब्रदर्स कार्टून स्टुडिओ' उभा राहिला. हीच मुलगी मालेत हवी, असा विंकलर यांचा आग्रह असल्याने तिचे कुटुंबही कॅन्सस सिटीहून कॅलिफोर्नियाला आले. तीन वर्षांत पाटीवरचे 'ब्रदर्स' गेले आणि एकट्या वॉल्ट यांचे नाव उरले.

कंपनीला दुसरी एखादी तारीखही निवडता आली असती. १९२२ धरले असते, तर पहिल्या पानावर दिवाळखोरी आली असती. १९२८ धरले असते, तर मिकी माऊसच्या जन्माशी जन्म जुळला असता, पण त्याआधीची पाच वर्षे गळाली असती. १९२९ साली 'वॉल्ट डिस्ने प्रॉडक्शन्स' या नावाने रीतसर नोंदणी झाली. कायद्याच्या दृष्टीने तीही तारीख चालली असती. १९२३ ची निवड मला त्यातल्या त्यात प्रामाणिक वाटते, कारण त्या दिवशी कोणीतरी पहिल्यांदा पैसे मोजायला तयार झाले होते. तरी त्या कराराच्या दुसऱ्या टोकाला सही करणाऱ्या विंकलर यांचे नाव शताब्दीच्या जाहिरातींत शोधावेच लागते.

मिकीच्या वाढदिवसाची कथा याहून गुंतागुंतीची आहे. विंकलर यांचे पती चार्ल्स मिंट्झ यांनी वितरणाचा कारभार हाती घेतल्यानंतर १९२७ मध्ये ऑस्वल्ड हा नशीबवान ससा पडद्यावर आला आणि चांगला चाललाही. १९२८ च्या सुरुवातीला वॉल्ट मोबदला वाढवून मागायला न्यूयॉर्कला गेले, तेव्हा ऑस्वल्डचे हक्क आपल्याकडे नाहीत आणि आपल्या बहुतेक चित्रकारांनी परस्पर मिंट्झ यांच्याशी करार केले आहेत, हे त्यांना कळले. जे मोजके लोक सोबत राहिले, त्यांतले अब आयवर्क्स हे सर्वांत महत्त्वाचे. मिकीला पडद्यावरचे रूप त्यांच्या हातांनी दिले. मे १९२८ मध्ये 'प्लेन क्रेझी' हा मिकीचा पहिला लघुपट चाचणीदाखल प्रेक्षकांना दाखवण्यात आला, परंतु तो मूक होता आणि त्याला वितरक मिळाला नाही. १८ नोव्हेंबर १९२८ रोजी न्यूयॉर्कच्या कॉलनी थिएटरमध्ये चित्राशी ताल जुळवलेल्या ध्वनीसह 'स्टीमबोट विली' लागला आणि मिकीचे नाव झाले.

म्हणजे मिकीचा जन्म मे महिन्यातला की नोव्हेंबरमधला? १९३० च्या दशकात या प्रश्नाची कोणालाच फिकीर नव्हती. वाढदिवस हे चित्रपटगृहांना गर्दी जमवण्याचे एक निमित्त होते आणि तो बहुधा सप्टेंबर-ऑक्टोबरच्या सुमारास, सोयीने साजरा होई. १९३३ साली पाचव्या वाढदिवसासाठी १ ऑक्टोबर ही तारीख सांगितली गेली. तारखांचा हा घोळ निस्तरला तो डेव्ह स्मिथ या अभिलेखपालाने. वॉल्ट यांच्या निधनानंतर, १९७० साली, कंपनीने स्वतःचा अभिलेखागार सुरू केला आणि ग्रंथपालाचे शिक्षण घेतलेल्या स्मिथ यांच्याकडे तो सोपवला. कॉलनी थिएटरच्या त्या दिवसांतल्या छापील कार्यक्रमपत्रिकेच्या आधारे त्यांनी पहिल्या खेळाची तारीख पक्की केली आणि १९७८ मधील सुवर्णमहोत्सव १८ नोव्हेंबर हाच जन्मदिवस धरून झाला. त्या महिन्यात हॉलिवूडच्या पदपथावर मिकीच्या नावाचा तारा बसवला गेला. असा मान मिळवणारे ते पहिलेच व्यंगचित्रपात्र होते. मोठ्या कंपनीचा पन्नास वर्षांचा इतिहास एका थिएटरच्या पत्रिकेवर येऊन टेकावा, ही गंमत अभिलेखागारात काम केलेल्या माणसाला नवी वाटणार नाही.

डोनाल्ड डकच्या बाबतीतही असेच झाले. तो ९ जून १९३४ च्या 'द वाइज लिटल हेन' या लघुपटातून आला आणि आज तोच त्याचा वाढदिवस मानला जातो. पण १९४९ मध्ये खुद्द डिस्नेच्याच एका लघुपटात त्याचा वाढदिवस १३ मार्चला येतो. कथेतला वाढदिवस आणि कंपनीच्या दप्तरातला वाढदिवस यांत शेवटी दप्तराचा जिंकला.

चित्रपटांचे वर्धापनदिन वेगळ्या वाटेने रूढ झाले. मराठी वाचकांना जी हिमगौरी म्हणून माहीत आहे, तिच्या गोष्टीवरचा 'स्नो व्हाइट अँड द सेव्हन ड्वॉर्फ्स' २१ डिसेंबर १९३७ रोजी लॉस एंजेलिसच्या कार्थे सर्कल थिएटरमध्ये प्रथम दाखवला गेला. सुमारे १५ लाख डॉलर खर्च करून काढलेला पूर्ण लांबीचा व्यंगचित्रपट चालणार नाही, असे चित्रपटसृष्टीत उघडपणे बोलले जात होते. तो धो धो चालला, पण पुढे महायुद्धामुळे युरोपची बाजारपेठ बंद झाली आणि स्टुडिओला पैशांची चणचण भासू लागली. तेव्हा १९४४ साली कंपनीने 'स्नो व्हाइट' पुन्हा चित्रपटगृहांत लावला. पहिल्यांदा तो पाहणारी मुले आता मोठी झाली होती आणि नव्या मुलांना तो नवाच होता. यातून सुमारे सात वर्षांनी जुना चित्रपट पुन्हा झळकवायचा, ही पद्धत पडली; १९५२, १९५८, १९६७, १९७५, १९८३ असा हा चित्रपट येत राहिला आणि १९८७ मधील त्याचे पुनरागमन सुवर्णमहोत्सवाच्या नावाने झाले. आधी गरजेपोटी आलेल्या गोष्टीला मागाहून सोहळ्याचे नाव मिळाले, असे म्हणायला हरकत नाही. १९९४ मध्ये अमेरिकेत त्याची व्हिडिओ कॅसेट निघाल्यावर चित्रपटगृहातले हे सात वर्षांचे चक्र मागे पडले आणि त्याची जागा वर्धापनदिनाच्या विशेष आवृत्त्यांनी घेतली.

डिस्नेलँडची तारीख तर कंपनीला सुरुवातीला नकोशीच होती. अॅनाहाइममधील संत्र्यांच्या बागांच्या जागेवर जेमतेम वर्षभरात, सुमारे १ कोटी ७० लाख डॉलर खर्चून उभारलेले हे उद्यान १७ जुलै १९५५ रोजी फक्त निमंत्रितांसाठी उघडले, आणि एबीसी वाहिनीने तो कार्यक्रम थेट दाखवला. सूत्रसंचालन करणाऱ्या तिघांत पुढे अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष झालेले रोनाल्ड रेगनही होते. बनावट निमंत्रणे छापली गेली होती आणि अपेक्षेपेक्षा कितीतरी अधिक, सुमारे २८ हजार माणसे आत शिरली. उन्हाचा कहर होता. आदल्या रात्री ओतलेले डांबर पुरते घट्ट झाले नव्हते, त्यामुळे बायकांच्या उंच टाचा त्यात रुतत होत्या. नळकारागिरांच्या संपामुळे पिण्याच्या पाण्याचे नळ आणि स्वच्छतागृहे यांपैकी एकच काम वेळेत होणार होते. वॉल्ट यांनी स्वच्छतागृहे निवडली. थंड पेये खपवण्यासाठीच पाणी ठेवले नाही, असा समज लोकांत पसरला. दूरचित्रवाणीवर हे सारे फारसे दिसले नाही, पण दुसऱ्या दिवशीच्या वर्तमानपत्रांनी कसर भरून काढली. कंपनीच्या लोकांत तो दिवस 'काळा रविवार' म्हणून ओळखला जाऊ लागला. साहजिकच १७ जुलै ही नुसती पूर्वतयारी होती आणि खरे उद्घाटन तिकीट काढून लोक आले त्या १८ जुलैला झाले, अशी भूमिका पुढची काही वर्षे राहिली. उद्यानाला सात आठवड्यांत दहा लाख माणसांनी भेट दिली, जुनी नामुष्की हळूहळू गमतीच्या किश्श्यांत बदलली आणि १७ जुलै मानाने परत आला.

या अनुभवाचा परिणाम पुढच्या तारखेवर झालेला दिसतो. फ्लोरिडातील वॉल्ट डिस्ने वर्ल्ड १ ऑक्टोबर १९७१ रोजी उघडले. ऑक्टोबर हा तेथे कमी गर्दीचा महिना, म्हणूनच तो निवडला होता. पहिल्या दिवशी सुमारे दहा हजारच लोक आले आणि यंत्रणा सांभाळणाऱ्यांना तेच हवे होते. वॉल्ट यांचे डिसेंबर १९६६ मध्ये निधन झाले होते. निवृत्ती पुढे ढकलून प्रकल्प तडीस नेणाऱ्या रॉय यांनी नावात 'वॉल्ट' असलेच पाहिजे असा आग्रह धरला, २५ ऑक्टोबरला उद्यानाचे लोकार्पण केले आणि २० डिसेंबर १९७१ रोजी, दोन महिनेही पुरे होण्याआधी, तेही गेले. १९२६ मध्ये पाटीवरून उतरलेला हा भाऊ वर्धापनदिनांतही मागच्या रांगेतच राहिला आहे. पुढे तेथेच एपकॉट हे दुसरे उद्यान उघडतानाही मुद्दाम १ ऑक्टोबर (१९८२) हाच दिवस घेतला, तर प्राण्यांवर आधारलेल्या उद्यानासाठी १९९८ मध्ये २२ एप्रिलचा वसुंधरा दिन निवडला. तारीख आधी घडते आणि मग साजरी होते, हा क्रम इथवर येता येता उलटा झाला होता.

१९८० च्या दशकापासून वर्धापनदिनाचा दिवस राहिला नाही, त्याचा हंगाम झाला. १९८५ मध्ये डिस्नेलँडच्या तिसाव्या वर्षी दर तिसाव्या पाहुण्याला बक्षीस देण्याची योजना होती आणि काही भाग्यवंतांना मोटारी मिळाल्या. १९९६ मध्ये फ्लोरिडाच्या रौप्यमहोत्सवासाठी सिंड्रेलाच्या किल्ल्याला गुलाबी रंग देऊन आणि फुगवलेल्या मेणबत्त्या लावून त्याचा अवाढव्य केक करण्यात आला, आणि तो पंधरा महिने तसाच राहिला. आयुष्यात एकदाच तेथे जाऊन किल्ल्यासमोर छायाचित्र काढण्याचे स्वप्न पाहिलेल्या कुटुंबांना काय वाटले असेल, याची कल्पना करता येते. फ्लोरिडाचा सुवर्णमहोत्सव तर १ ऑक्टोबर २०२१ पासून मार्च २०२३ च्या अखेरीपर्यंत, दीड वर्ष चालला. टोकियोतील उद्यान डिस्नेच्या मालकीचे नसून परवान्यावर चालते, तरी तेथेही दर पाच वर्षांनी असा हंगाम भरतो.

शताब्दीही कंपनीने दोनदा साजरी केली, हे सहसा लक्षात येत नाही. पहिली होती वॉल्ट यांची स्वतःची. त्यांचा जन्म ५ डिसेंबर १९०१ चा, आणि तिच्या निमित्ताने फ्लोरिडातील सोहळा १ ऑक्टोबर २००१ ला सुरू झाला, म्हणजे ११ सप्टेंबरच्या हल्ल्यांनंतर अवघ्या तीन आठवड्यांनी, जेव्हा लोक विमानात पाऊल ठेवायला धजत नव्हते. त्या सोहळ्यासाठी उभारलेली जादूगाराची प्रचंड निळी टोपी मात्र तेरा वर्षे जागची हलली नाही. २०१५ मध्ये ती पाडली तेव्हा ती नेमकी कशासाठी उभारली होती, हे कित्येक पाहुण्यांना ठाऊकही नव्हते.

दुसरी शताब्दी २०२३ ची. तिच्यासाठी काढलेल्या 'वन्स अपॉन अ स्टुडिओ' या लघुपटात ८५ हून अधिक चित्रपट-लघुपटांतली ५४३ पात्रे एकत्र आणली होती, आणि सुरुवातीला पडद्यावर दिसणारे वयस्क कर्मचारी म्हणजे १९५३ मध्ये टपाल विभागात रुजू होऊन सत्तर वर्षे कंपनीत राहिलेले बर्नी मॅटिन्सन होते. लघुपट प्रदर्शित होण्याआधी, त्याच वर्षी फेब्रुवारीत, त्यांचे निधन झाले. तो त्यांनाच अर्पण केला आहे. माझ्या मते शंभर वर्षांच्या साऱ्या गाजावाजात जपून ठेवावे असे एवढेच आहे. त्याच वर्षी सात हजार नोकऱ्या कमी करण्याची घोषणा झाली होती, आणि १६ ऑक्टोबर उजाडला तेव्हा हॉलिवूडमधील अभिनेत्यांचा संप सुरू होता. संप डिस्नेला नवा नव्हता. मे १९४१ मध्ये बरबँकच्या स्टुडिओबाहेर स्वतःच्याच चित्रकारांनी धरणे धरले होते आणि वॉल्ट यांनी ते आयुष्यभर मनाला लावून घेतले. स्टुडिओच्या घडणीवर त्याचा खोल परिणाम झाला, तरीही कंपनीच्या सोहळ्यांत त्या तारखेला जागा नाही.

पुढच्या दोन तारखा आता जवळ आल्या आहेत. १९२८ मध्ये हातातून निसटलेला ऑस्वल्ड २००६ साली परत मिळाला. क्रीडा समालोचक अल मायकल्स यांना एनबीसी वाहिनीकडे जाऊ देण्याच्या बदल्यात झालेल्या देवाणघेवाणीत या सशाचे हक्कही होते. म्हणून सप्टेंबर २०२७ मध्ये येणारी त्याची शंभरी डिस्नेला आपली म्हणून साजरी करता येईल. १८ नोव्हेंबर २०२८ ला मिकीची शंभरी आहे. पण अमेरिकन कायद्यातील ९५ वर्षांची मुदत संपल्यामुळे 'स्टीमबोट विली' १ जानेवारी २०२४ पासून सार्वजनिक झाला आहे. कंपनीचे बोधचिन्ह, व्यापारचिन्हे आणि नंतरच्या काळातला मिकी अजून तिच्याकडेच आहेत, पण त्या लघुपटातला बोटीवर शीळ घालणारा कृष्णधवल उंदीर त्या दिवशी कोणीही पडद्यावर आणू शकेल.