शॅले

शॅले : आल्प्स पर्वतप्रदेशातील, पुढे आलेल्या रुंद छपराचे लाकडी घर, असा या शब्दाचा आज रूढ अर्थ आहे. मुळात मात्र हे राहते घर नव्हे. पश्चिम स्वित्झर्लंडच्या फ्रँको-प्रोव्हांसाल बोलीत शॅले म्हणजे उन्हाळी कुरणावरची गवळ्यांची झोपडी. गुरे वर चढली की तिथे चूल पेटे, गुरे खाली उतरली की दाराला कडी लागे. व्हो परगण्यातील लेतिवा हे चीज अजूनही अशाच शॅलेंत, १० मे ते १० ऑक्टोबर या काळात, सरपणाच्या चुलीवर करतात. तांब्याची मोठी कढई फिरत्या लाकडी आडूला टांगलेली असते. दूध हवे तितके तापले की आडू फिरवून ती विस्तवावरून बाजूला घेतात.

व्युत्पत्ती : शब्दाची लॅटिनीकृत रूपे १४ व्या शतकापासूनच्या दस्तऐवजांत आढळतात. जुन्या कोशकारांचा ओढा तो लॅटिन ‘कासा’ (घर) शब्दाच्या लघुत्वदर्शक रूपाशी जोडण्याकडे होता. अर्थ जुळतो, ध्वनी जुळत नाहीत. दोन स्वरांमधला लॅटिन ‘स’ फ्रेंचमध्ये सहसा नाहीसा होत नाही, तो ‘झ’ होतो (‘काउसा’पासून ‘शोझ’). मग शॅलेतला ‘स’ गेला कुठे, हा प्रश्न उरतो. ‘कास्तेल्लुम’ (गढी) शब्दाशी नाते लावावे, तर त्याच्या लघुरूपापासून ‘शात्ले’ हा वेगळा शब्द फ्रेंचमध्ये आहेच. तरीही ‘कास्तेल्लुम’पासून आलेल्या ‘शातो’च्या (गढी) धर्तीवर शॅलेतील ‘आ’वर टोपी (^ हे चिन्ह) चढवण्याची चूक फ्रेंच लिहिणारे आजही करतात.

त्यामुळे ‘आसरा’ या अर्थाचे रोमपूर्व ‘काला’ हे मूळ मानणारे मत अधिक ग्राह्य वाटते. आरंभीच्या ‘का’चा ‘शा’ होणे नियमाला धरून आहे, आणि शेवटचा ‘ए’ हा लघुत्वदर्शक प्रत्यय. इटालियन व स्पॅनिशमध्ये ‘काला’ म्हणजे समुद्राची लहान, आडोशाची खाडी. फ्रान्समधील मार्सेयजवळच्या कालांक या खाड्यांचे नावही याच कुळातले समजले जाते. हे मूळ रूप अनुमानितच आहे.

अर्थविस्तार : झां-झाक रूसो (१७१२–७८) याच्या १७६१ मधील ‘ज्युली’ या पत्ररूप कादंबरीने हा शब्द डोंगराबाहेरच्या वाचकांपर्यंत नेला. १९ व्या शतकात ‘स्विस शैली’ची घरे युरोपभर बांधली गेली, नॉर्वेत रेल्वेस्थानकेही या धर्तीवर उभी राहिली. पुढे अर्थ सैल होत गेला. क्वेबेकमध्ये शॅले म्हणजे तळ्याकाठचे सुटीतले घर, इंग्लंडमध्ये सुटीछावणीतली एका कुटुंबापुरती खोली, तर जुन्या पॅरिसमध्ये ‘गरजेचे शॅले’ म्हणजे चक्क सार्वजनिक शौचालय.

स्वित्झर्लंडच्या व्हाले परगण्यातील दगडी चकत्यांवर उभी असलेली लाकडी घरे पर्यटक शॅले म्हणून दाखवतात. ती धान्याची कोठारे असून त्या चकत्या उंदरांना वर चढू देत नाहीत. त्यांचे स्थानिक नाव ‘राकार’ आहे.