बर्गचे ५६ आणि बार्थेलचे १००

लकव्याच्या पेशंटच्या फाइलमध्ये बर्ग ३८ आणि बार्थेल ८५ असे दोन आकडे शेजारीशेजारी दिसतात: पहिला तोलाच्या चाचणीचा, दुसरा रोजची कामं स्वतः करण्याच्या चाचणीचा. घरचे दुसरा आकडा धरतात आणि 'बाबा पंच्याऐंशी टक्के बरे झाले' असं गावाकडे कळवून मोकळे होतात. ते टक्के नव्हेत, गुण आहेत. आणि तोलाचे तर नाहीतच.

तोल पाहते ती बर्ग चाचणी. यात १४ कृती, प्रत्येकीला ० ते ४ गुण, एकूण ५६. हात न टेकता खुर्चीतून उठणं, आधाराशिवाय २ मिनिटं उभं राहणं, डोळे मिटून १० सेकंद उभं राहणं, जमिनीवरची चप्पल उचलणं. काठी चालत नाही. आणि गंमत म्हणजे चौदातली एकही कृती चालण्याची नाही. ४५ च्या खाली पडण्याचा धोका धरायची जुनी पद्धत आहे, पण ओल्या लादीवर ४७ वालाही घसरतो.

बार्थेलमध्ये जेवण, आंघोळ, कपडे, संडास, जिना अशी रोजची १० कामं, गुण पाचाच्या पटीत, एकूण १००. इथे काठी चालते: काठी टेकत सुमारे ४५ मीटर एकट्याने गेलं तरी चालण्याचे १५ पैकी १५. विचारायचं ते 'जमेल का' नाही, 'रोज स्वतः करतात का'. लवकर आटपावं म्हणून सून घास भरवत असेल, तर हात चालत असूनही तिथे शून्य.

बर्ग चांगला आणि बार्थेल अडकलेला असेल, तर बहुधा हाताची अडचण असते. नाडीऐवजी इलॅस्टिक लावा, शर्ट घालताना लुळा हात आधी, काढताना शेवटी.

उलटी जोडी जास्त फसवी. एका हाताने सगळं करायला शिकलेल्या माणसाचा बार्थेल ९० होतो, बर्ग ३५ वरच राहतो. सगळीकडे एकटा जातो, म्हणून पडतोही तोच. मोरीत डोक्यावर तांब्या ओतताना डोळे मिटतात. लुळ्या पायाला लादी नीट कळत नसेल, तर डोळ्यांचा आधारही त्याच क्षणी जातो. आंघोळ स्टुलावर बसूनच करायची.

चाळीतल्या सार्वजनिक संडासात उकिडवं बसून उठता येतं का, हे दोन्ही चाचण्या विचारत नाहीत. ते फिजिओला वेगळं तपासायला सांगा.

जिन्याचंही तसंच. बार्थेलमध्ये त्याचे १० गुण, पण कठडा एकाच बाजूला असेल तर चढताना चांगल्या हाताशी असलेला कठडा उतरताना लुळ्या हाताकडे येतो. शक्य असेल तर दुसऱ्या बाजूलाही बसवून घ्या. चढताना चांगला पाय आधी, उतरताना लुळा. सोबतच्याने दोन्ही वेळा एक पायरी खाली, लुळ्या बाजूला राहायचं आणि कमरेचा पट्टा धरायचा. लुळा हात ओढला तर खांदा निखळू शकतो.