टाकीतलं पाणी येतं कुठून?

कोकणात मुद्दाम तळघर सहसा कोणी बांधत नाही. पण उतारावर घर उभं केलं की खालची खोली आपसूक अर्धी जमिनीत जाते. पुढे दार-खिडकी, मागची भिंत थेट डोंगराच्या मातीला टेकलेली. पावसाळ्यात तिथे ठेवलेल्या गाद्या आणि कागदपत्रांवर गणपतीपर्यंत बुरशी चढते. मग कोणीतरी डिह्युमिडिफायर सुचवतं.

यंत्र साधं आहे. पंखा खोलीतली हवा ओढून थंडगार कॉइलवर सोडतो, बाष्पाचं पाणी होऊन टाकीत पडतं आणि कोरडी हवा गरम कॉइलवरून खोलीत परतते. एसी उष्णता बाहेर टाकतो, हा ती खोलीतच ठेवतो. शिवाय एक लिटर बाष्पाचं पाणी होताना सुमारे 0.68 युनिट विजेइतकी उष्णता सुटते. त्यामुळे खोली गार होईल या आशेने हे यंत्र घेऊ नये.

आता थोडं गणित. खोली 4 बाय 4 मीटर, उंची 3 मीटर, म्हणजे 48 घनमीटर हवा. 27 अंश तापमान आणि 90 टक्के आर्द्रता असेल, तर दर घनमीटरला साधारण 23 ग्रॅम बाष्प असतं. 60 टक्क्यांवर ते साडेपंधरा ग्रॅम उरतं. फरक सगळा मिळून 370 ग्रॅमच्या आसपास, म्हणजे जेमतेम दीड-दोन पेले पाणी! टाकी मात्र रोज काही लिटर भरते, आठवडा उलटला तरी.

हे सगळं पाणी खोलीतल्या मूळ हवेतलं नव्हेच. भिंत, लादी आणि गाद्यांमध्ये मुरलेलं पाणी हळूहळू बाहेर पडत असतं. कोकणात भिंतींना वापरतात तो जांभा सच्छिद्र दगड; केशाकर्षणाने मातीतलं पाणी तो वातीसारखा वर ओढतो. खोलीतली हवा कोरडी केली की भिंतीच्या आतल्या बाजूने बाष्पीभवन वाढतं, पाण्यासोबत आलेले क्षार तिथेच साचतात आणि लोणा फुटतो, रंगाचे पापुद्रे सुटतात. म्हणून यंत्राआधी मागच्या बाजूने चर खणावा, पागोळ्यांचं पाणी पन्हळीने लांब न्यावं. माझ्या मते निम्मं काम तिथेच होतं.

ओल जमिनीतून येते की हवेतून, हे ओळखायला लादीवर प्लास्टिकचा तुकडा चारी बाजूंनी चिकटवून दिवसभर ठेवावा. खालून घाम आला तर जमीन दोषी, वरून आला तर हवा.

हवा दोषी असेल तर जुलैत खिडक्या उघडून भागत नाही. ‘वारा खेळू दे’ हा सल्ला डिसेंबरातल्या कोरड्या मतलई वाऱ्याला लागू. पावसाळी वारा आणखी बाष्पच आणतो. यंत्र चालू असताना दारं-खिडक्या बंदच हव्यात.

आर्द्रतामापक स्वस्तातला असेल तर त्याची परीक्षा घ्यावी. वाटीत मीठ घेऊन थेंबभर पाण्याने ते ओलसर करावं आणि मापकासोबत घट्ट झाकणाच्या बरणीत रात्रभर ठेवावं. सकाळी काटा 75 टक्क्यांजवळ हवा, कारण मिठाच्या संपृक्त द्रावणावरची हवा तिथेच स्थिरावते. खोलीसाठी 55 ते 60 टक्के पुरे. त्याखाली नेलं तर वीजबिल उगाच वाढतं.

टाकीतलं पाणी पिऊ नये, इन्व्हर्टरच्या बॅटरीतही ओतू नये; कॉइलवरची धूळ त्यात उतरलेली असते. आणि पावसात लाइट जाणारच, तेव्हा वीज परत आल्यावर आपोआप सुरू होणारं मॉडेल बघून घ्यावं.