सीए १५.३ नॉर्मल आलं म्हणून गाठ अंगावर काढू नका

बायकांसाठीच्या हेल्थ चेकअप पॅकेजमध्ये हल्ली सीए १५.३ ही टेस्ट टाकलेली असते, आणि आकडा नॉर्मल आला की चला, ब्रेस्ट कॅन्सर नाही असं समजून घरातले सगळे निश्चिंत होतात. हा समज खरंच घातक आहे.

सीए १५.३ म्हणजे म्यूक-१ नावाच्या प्रोटीनचा रक्तात आलेला भाग. हे प्रोटीन निरोगी पेशींवरही असतं, कॅन्सरमध्ये ते जास्त बनतं आणि सुटून रक्तात येतं. पण गाठ लहान असते तेव्हा, म्हणजे नेमकी सापडायला हवी तेव्हाच, बहुतेक जणींचा आकडा नॉर्मल येतो, उलट लिव्हरचा आजार असला तर कॅन्सर नसतानाही वाढतो. तिचा खरा उपयोग पसरलेल्या कॅन्सरवर ट्रीटमेंट लागू पडतेय का ते बघायला, आणि तेही स्कॅन वगैरेच्या जोडीने.

मग रक्तातल्या डीएनएवर चालणाऱ्या नव्या टेस्टचं काय? रक्तात मोकळं डीएनए असतं हे १९४८ मध्येच कळलं होतं. पेशी मरतात, त्यांच्या डीएनएचे तुकडे रक्तात येतात आणि थोड्या वेळात साफ होतात, गाठीच्या पेशींचेही तसेच. आता हिशोब बघा, १० मिली रक्तातून प्लाझ्मा (पेशी काढल्यावर उरलेलं पातळ द्रव्य) निघतो ४-५ मिली, आणि एक मिली प्लाझ्मात एखाद्या जीनच्या साधारण हजार-दोन हजार कॉपी असतात. त्यात गाठीची कॉपी लाखात एक असेल तर त्या ट्यूबमध्ये ती आलेलीच नसण्याची शक्यता जास्त, मग मशीन कितीही भारी असो, ते शोधणार काय? स्तनातली लहान, हळू वाढणारी, हार्मोन पॉझिटिव्ह (म्हणजे हार्मोनच्या जोरावर वाढणारी) गाठ तर फारच कमी डीएनए सोडते. शिवाय वय वाढतं तशी आपल्या पांढऱ्या पेशींमध्येही म्युटेशन्स (डीएनएतले बदल) होतात, ती रक्तात दिसली की गाठीचीच आहेत की काय असा गोंधळ अजून वाढतो.

पण आजार कळल्यानंतर हीच टेस्ट कमालीची कामाला येते. हार्मोनचा परिणाम रोखणाऱ्या गोळ्या बरेच महिने घेतल्यावर काही पेशंटच्या कॅन्सरमध्ये ईएसआर-१ या, इस्ट्रोजेन हार्मोनच्या रिसेप्टरच्या जीनमध्ये म्युटेशन होतं आणि त्या गोळ्या चालेनाशा होतात. सुरुवातीच्या बायोप्सीत हे सहसा दिसत नाही कारण तेव्हा ते झालेलंच नसतं, रक्तात मात्र दिसतं. जानेवारी २०२३ मध्ये अमेरिकेत अशा म्युटेशनवाल्या ब्रेस्ट कॅन्सरसाठी एलासेस्ट्रंट या औषधाला मंजुरी मिळाली तेव्हा ते कोणाला द्यायचं हे ठरवणाऱ्या रक्ताच्या टेस्टलाही सोबतच मंजुरी मिळाली. (बीआरसीए टेस्टही रक्तावर होते, पण ती वारशाने आलेला धोका सांगते, आत्ता कॅन्सर आहे का ते नाही.)

आणि लवकर निदानाचं म्हणाल तर मुंबईत टाटा मेमोरियलने १९९८ पासून दीड लाखांवर बायकांचा अभ्यास केला, त्यातल्या निम्म्या जणींची ट्रेनिंग दिलेल्या आरोग्यसेविकांनी दर दोन वर्षांनी फक्त हाताने तपासणी केली. ना मॅमोग्राफी, ना रक्त! २०२१ मध्ये निकाल छापून आला, पन्नाशी आणि पुढच्या बायकांमध्ये ब्रेस्ट कॅन्सरचे मृत्यू जवळपास ३० टक्क्यांनी कमी झाले होते. पन्नाशीच्या आतल्या बायकांमध्ये मात्र मृत्यू कमी झाले नाहीत, आणि आपल्याकडे त्या वयातल्या पेशंट खूप असतात, तेव्हा लहान गाठ पकडणारी रक्ताची टेस्ट खरी हवीय ती त्यांना.